काझी सरांचा खोकला

(अंबरनाथ, १९९१. बबनचं घर. बबन आणि त्याची मुलगी वेणू घरात आहेत. तिचे शिक्षक काझी सर नुकतेच आत आलेत.)

काझी सर : पाणी राहू द्या, बबनराव. आधी हिला विचारा, अर्ज का नाही केला.

बबन : कसला अर्ज? मला तर काय बोलली नाय ही.

वेणू : सर, बसा ना आधी.

काझी सर : विद्यापीठात अरबी व्याकरण शिकवायची जागा आहे. मागासवर्गीयांसाठी राखीव. दरवर्षी जाहिरात येते, उमेदवारच मिळत नाही. यंदा तुमची वेणू अरबीच्या एम.ए.ला पहिली आली. आणि परवा शेवटची तारीख.

बबन : वेणू! येडी का काय तू?

वेणू : बाबा, त्या जागेवर आत्ता कोण शिकवतं ते विचारा.

बबन : कोण?

वेणू : सरच. कोणी मिळत नाही म्हणून त्यांना एकेका वर्षापुरतं घेतात. यंदाही कोणी आलं नाही तर जागा खुली होणार. मग सर कायम होतील.

बबन : आयला! माफ करा सर, तोंडातून गेलं.

काझी सर : असू द्या. हिचा निकाल लागला तेव्हा मीही मनात हेच म्हणालो.

बबन : मी हिला बोललो होतो, थोडी अरबी शीक, कॅम्प वनच्या बाजारात सिंधी शेटकडे दुबईच्या पत्रांचं काम मिळेल. ही व्याकरणात घुसली ती बाहेरच नाय आली. आता घरात पण सरांसारखी खोकते.

काझी सर : खोकते?

वेणू : बाबा, पुरे ना.

बबन : तुम्ही वर्गात रागवत नाय म्हणे. पोरांचं चुकलं की नुसतं खोकता. तसंच हिचं. धाकट्याचं इंग्रजी चुकलं की हिचं खॉक, खॉक!

वेणू : सर, ज्यांनी शिकवलं त्यांच्याच पुढचं ताट मी ओढू?

काझी सर : ताट तुझंच आहे. तू येईपर्यंत मी बसलो होतो.

वेणू : आणि घरी? दोघी मुली अजून शिकतायत तुमच्या.

काझी सर : भिवंडीत एका शाळेत विचारून ठेवलंय. वाईट वाटतंय, वेणू, नाही कशाला म्हणू? बायको तर माझ्याशी बोलत नाहीये. पण उमेदवार असताना गप्प बसलो, तर उद्या वर्गात कुठल्या तोंडाने उभा राहू?

बबन : वेणू, सर दारात आलेत. आता नाय बोलू नको.

वेणू : ...भरते, सर. उद्याच.

काझी सर : मुलाखतीत शिकवून दाखवावं लागतं. सोमवारी माझा तास तू घे. मी मागच्या बाकावर बसतो. चुकलीस की खोकेन.

वेणू : आणि एकदाही नाही खोकलात तर?

काझी सर : तर गेली माझी नोकरी. बबनराव, आता द्या पाणी.