प्लास्टरची नाडी

हसणार असाल तर सांगत नाही. मी पेणला जीवशास्त्र शिकवायचे. वर्गासाठी माणसाचा प्लास्टरचा पुतळा जवळच्या जोहे गावातल्या गणपती कारखान्यातून करून घेतला. आणायला गेले, तर म्हातारे कारागीर काका त्याचं मनगट धरून बसलेले.

“बाई, सगळ्यात शेवटी डोळे आखले, नि तेव्हापासनं याची नाडी लागतेय.”

मला हसू आलं. “काका, अंगठ्याने बघितलीत ना? अंगठ्यातही नाडी असते. तुम्हाला तुमचीच लागली. म्हणून डॉक्टर बोटांनी बघतात.”

काकांनी मनगट सोडून आपला तो हात माझ्यापुढे धरला. त्याला अंगठाच नव्हता.

“कंपनीत मशीनमध्ये गेला, बाई. पटत नाय तर तुम्ही बघा, बोटांनी.”

पुतळा मी शाळेत नेला. त्याच्या मनगटाला मात्र कधीच हात लावला नाही.