मराठीत आलेला फोन

आम्ही मूळचे कोठले म्हणाल तर तेच कोणास नीट ठाऊक नाही. तंजावरास राजे आले, त्यांच्याबरोबर आमचे लोक आले एवढे ठाऊक. अप्पा म्हणतात मोठ्या हुद्द्यावर आले, अम्मा म्हणते हो हो, घोड्यांस गवत घालायच्या हुद्द्यावर, आणि मग दोघे हसतात. माझे नाव मीनाक्षी, घरी मीना, जन्म कुंभकोणमचाच. अप्पा पितळेच्या भांड्यांच्या दुकानात आहेत, माझ्या जन्माआधीपासून तेथेच, वरच्या फळीवरचे हंडे उतरवायचे, पुसायचे, गिऱ्हाइकास दाखवायचे, पुन्हा वर ठेवायचे. अम्मा घरी अप्पळम, म्हणजे तुमचे पापड, लाटून देते. घरात आम्ही मराठी बोलतो आणि उंबऱ्याबाहेर पाय पडला की तमिळ, हे कोणी शिकविले नाही, चपला घालताना आपोआप होते. मराठी मला लिहिता येत नाही, तमिळ अक्षरांत लिहिते, म्हणून तुम्ही लिहून घेता हे बरे. माझी मराठी तुमच्यासारखी नाही, जुनी आहे, कोठे अडले तर थांबवा, मी पुन्हा सांगेन, मला राग नाही येणार.

कॉलेजात गेलेली आमच्या घरात मी पहिली. प्राणिशास्त्र घेतले. अप्पांस ते काय ते कळत नव्हते, दुकानात गिऱ्हाइकांस सांगत, माझी मुलगी डॉक्टरच्या जरा खालचे शिकते. मी म्हणे अप्पा, असे नका सांगू, मी झुरळ कापते. ते म्हणत झुरळापासूनच सुरू होते सगळे. असे ते. म्हणून पास झाले तेव्हा सगळ्यांस वाटले आता मीनास नोकरी लागणार, आणि मी वर्षभर सोन्याच्या दुकानापासून शाळेपर्यंत सगळीकडे अर्ज देत फिरले, आणि सगळे विचारीत अनुभव काय, मी काय सांगू, अनुभव देणार कोण तेही सांगा ना.

मग मोबाइलवर ती जाहिरात पाहिली. मेडिकल ट्रान्सक्रिप्शन. तुम्हाला ठाऊक असेल, डॉक्टर रोग्यास तपासतात आणि काय पाहिले, काय औषध दिले ते बोलून ठेवतात, ते ऐकून आपण टाइप करायचे, तो रोग्याचा कागद होतो. काम खरेच आहे हो, खोटे नाही, चांगले काम आहे, ते मी शेवटी सांगते. घरबसल्या करता येते, मी प्राणिशास्त्राची, शरीराचे शब्द थोडे येतात, म्हणून मी माझे नाव आणि नंबर भरून टाकला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. आधी इंग्रजीत बोलले, मग नाव वाचून थांबले आणि विचारले, तुम्ही मराठी का? काय सांगू तुम्हाला. माझ्या जन्मात बाहेरून मराठीत फोन आला नव्हता. आमच्या नातलगांचा येतो, ते वेगळे. हा माणूस पुण्याहून, सर म्हणायचे त्यांस, आणि ते मराठीत बोलताहेत, आणि माझी दोन वाक्ये ऐकून म्हणाले, अहो ही तर शिवकालीन मराठी, कान तृप्त झाले! मला इतके बरे वाटले की लाजच वाटली. कारण आम्हांस नेहमी उलटे सांगतात, एकदा महाराष्ट्रातून कोणी यात्रेला आले होते, ती बाई आमचे बोलणे ऐकून तोंडाला पदर लावून हसली होती. आणि हे सर म्हणतात कान तृप्त झाले.

मी फोनचा आवाज मोठा केला. अम्मा पिठाच्या हातांनी आली. अप्पा आरशापुढे गेले आणि केस विंचरले, फोनवर बोलायला, खरेच सांगते, केस विंचरून आले. आणि अप्पांनी काय विचारावे? तुमचे गाव कोणते, कुळ कोणते, गोत्र कोणते. सर म्हणाले कश्यप. अप्पांनी माझ्याकडे पाहून मान हलविली, झाले, ठरले. संस्था कोठे आहे, शिकविणार कोण, त्यांचे सर्टिफिकेट कोणते इस्पितळ मानते, यातले एक अक्षर आम्ही विचारले नाही. गोत्र विचारले! त्या दिवसाची आठवण आली की मला माझीच शिसारी येते. मोबाइलवर आलेल्या करारावर न वाचता सही केली, फी भरली, अप्पांनी कोठून आणली ते मी विचारले नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही.

शिकविणे म्हणजे काय, तर फोनवर एक शब्दांची यादी आली, चुकांनी भरलेली, यकृत आणि मूत्रपिंड यांची गल्लत असलेली. मी सरांस दाखविली तर म्हणाले वा, हुशार आहात. दुसऱ्या आठवड्यापासून सरावाचे आवाज येऊ लागले, रोज पाच, सहा. संध्याकाळी सहाच्या आत टाइप करून पाठवायचे. मी पाठवी, पण कधी तपासून परत आले नाही. मी विचारी, सर, माझे बरोबर आहे का, चूक कोठे आहे? ते म्हणत उत्तम आहे, पुढचे करा. मला वाटे मीच फार शहाणी, चूकच होत नाही माझी.

पण सरावास सहाची वेळ कशाला? हे डोक्यात येई आणि मी बाजूला सारी. आणि प्रत्येक आवाजात रोग्याचे नाव, वय, नंबर. नवीन नाव, रोज. एकदा एका बाईंचा कागद होता, हृदयाचा त्रास, डॉक्टर औषधाचे नाव बोलले आणि मात्रा बोलताना मागे गाडीचा भोंगा वाजला, ऐकूच आले नाही, मी दहादा ऐकले. मी तेथे जागा मोकळी सोडून पाठविले. सरांचा लगेच फोन, पहिल्यांदाच चिडलेले, मोकळी जागा चालत नाही, नेहमी जी मात्रा देतात ती शोधून लिहा. मी म्हटले पण सर, ऐकू आले नाही. ते म्हणाले सरावच आहे ना, भरा. आणि मी भरली. मी. एक आकडा पाहिला आणि भरला.

त्या रात्री जेवण गेले नाही. सराव असेल तर भोंगा वाजलेला आवाज कोण देईल हो? म्हणून सकाळी मी लॅपटॉप घेऊन आमच्याकडच्या एका खाजगी इस्पितळात गेले, तेथे रोग्यांचे कागद सांभाळणाऱ्या नजीमा अक्का आहेत, माझ्या मैत्रिणीची आत्या, केस पांढरे, चष्मा दोरीला. त्यांस सरांचे, फीचे, सरावाचे सगळे सांगितले आणि म्हटले हे पाहा ना जरा. त्यांनी त्या हृदयाच्या बाईंचाच कागद उघडला, वरचे नाव वाचले आणि लॅपटॉप धाडकन बंद केला, जसे कोणी नासलेल्या दुधावर झाकण ठेवावे. तमिळमध्ये म्हणाल्या, मुली, हे खरे माणूस आहे. हे तू कोठे बसून टाइप करतेस? मी म्हटले घरी, अम्मा शेजारी अप्पळम लाटते. त्या म्हणाल्या म्हणजे या बाईचे हृदय तुझ्या अम्मासही ठाऊक. शिकायला पैसे तुझे, काम तुझे, ते विकतो तो तुझा सर, आणि चूक कोणाच्या पोटात जाते? त्या बाईच्या.

मला किळस आली ती पैसे गेले त्याची एवढी नाही हो, खरेच सांगते. माझ्या हाताने भरलेल्या त्या आकड्याची किळस. त्या बाईंच्या इस्पितळास मी नंतर पत्र पाठविले, आवाजात डॉक्टरांनी इस्पितळाचे जे नाव घेतले होते त्यावरून शोधून, की हा कागद पुन्हा तपासा. उत्तर नाही आले. आजपर्यंत नाही.

पण त्याहून ओंगळ पुढे आहे. सरांनी मला आधीच सांगितले होते, सर्टिफिकेट आणि नोकरी दोन्ही लगेच देतो, तुमच्या लोकांतल्या दोघी आणा, तुमची भाषा बोलणाऱ्या, त्यांचा तुमच्यावर भरवसा. आणि मी काय केले होते? गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळात भजनास सगळे नातलग जमले तेव्हा प्रसादाच्या ओळीत उभे राहून मोठ्या तोंडाने सांगितले होते. सरसा अक्काने लगेच नंबर घेतला. सरसा अक्का माझी चुलत बहीण, पट्टीश्वरमला देवळाबाहेर तुपाचे दिवे विकते, नवरा व्हॅन चालवितो, दोन मुली. बारावी झालेली, तेही कसेबसे. मी सरांस विचारले होते, तिचे इंग्रजी कच्चे आहे, तर ते म्हणाले इंग्रजी लागतच नाही, आम्ही सगळे शिकवितो. इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांचे ऐकायचे आणि इंग्रजी लागत नाही! आणि मी ते ऐकून घेतले.

नजीमा अक्कांच्या समोरून मी निघाले ती थेट बस धरून पट्टीश्वरमला. बसमध्ये दोन विचार चालले होते, लपवित नाही. एक, अक्कास सांगितले तर माझे सर्टिफिकेट गेले, आणि सगळ्यांसमोर मूर्ख ठरले ते वेगळेच. दुसरा, नाही सांगितले तर अक्काही त्यातच. मी पट्टीश्वरमच्या आधीच्या थांब्यावर उतरून परत जाणार होते, उठलेही होते. एक म्हातारी म्हणाली बस गं, अजून यायचे आहे. बसले.

अक्का दिव्यांत वाती घालीत होती. मला पाहून म्हणाली, अगो मीना, ये, तुझ्या सरांचा आताच फोन होता, माझी मराठी ऐकून काय म्हणाले ठाऊक आहे? मी म्हटले, शिवकालीन, कान तृप्त झाले. तिचा हात थांबला. म्हणाली तुला कसे ठाऊक? मी म्हटले मलाही तेच म्हणाले.  मग तिची सासू मागून म्हणाली, माणूस चांगला आहे, मी गोत्र विचारून घेतले, भारद्वाज. मी म्हटले आमच्या अप्पांस कश्यप सांगितले. आता हसू नका, पण त्या सासूबाईंचा चेहरा पडला तसा माझ्या सगळ्या बोलण्याने पडला नसता. खरे रोगी, खरे कागद, हे मी तासभर सांगत बसले असते तर त्यांनी म्हटले असते मुलीस काही तरी झाले आहे. गोत्र दोन म्हटल्यावर त्या म्हणाल्या, बापासही विकणारा मेला!

अक्का त्याच संध्याकाळी फी पाठविणार होती. मग मी सगळे सांगितले, तर तिने मला काय म्हणावे? शाबास, देवळात ओरडून सांगितलेस, आता गल्लीत कुजबुजायला आलीस. बरोबरच होते. मग म्हणाली लाव त्यास फोन, माझ्यासमोर. लावला. मी मराठीतच विचारले, सर, हे कागद कोणाचे? खरे रोगी आहेत ना? आणि त्यांची मराठी तेथे संपली. एकदम इंग्रजीत, तू करारावर सही केली आहेस, केस करीन, पोलीस घरी पाठवीन. अक्काने फोन माझ्या हातून घेतला आणि तमिळमध्ये असे काही बोलली, ते तुम्ही लिहू नका.

नजीमा अक्कांनी तक्रार लिहायला मदत केली, आम्ही सायबर पोलिसांकडे दिली, पावती आहे. पुढे काही नाही. अप्पा अजून म्हणतात, मराठी बोलणारा माणूस असे करील का, त्याची काही अडचण असेल. मी आता वाद घालीत नाही, त्यांस तेवढे तरी राहू दे.

नजीमा अक्का म्हणाल्या खरे शिकायचे तर तेथे जा जेथे तुझी चूक लाल करून परत देतात, जेथे शिकलेल्या कोणाही मुलीस तू स्वतः शोधून विचारू शकतेस, जेथे फीचे आणि ती परत देण्याचे सगळे लिहून देतात आणि नोकरीचे वचन कोणी तोंडावर फेकीत नाही. तंजावरात एक जागा त्यांनी सांगितली. मी आधी तेथून शिकलेल्या तिघींस शोधून विचारले, एक तर रागावलीच, किती प्रश्न म्हणून. मग मी आणि सरसा अक्का दोघी गेलो. तेथे आधी परीक्षा घेतात, ऐकून लिहायची. मला घेतले. अक्कास तेथल्या शिकविणाऱ्या बाईंनी बाजूला बसवून सांगितले, तुमचा कान चांगला आहे, पण इंग्रजी अजून पुरत नाही, आज तुमची फी घेतली तर ती फुकट जाईल, आधी सहा महिने इंग्रजी करा, मग या.

परतीच्या बसमध्ये अक्का त्या बाईंस शिव्या देत होती, मोठ्या आल्या, मला नाही म्हणतात. पापनाशम गाव मागे पडेपर्यंत तेच. मग म्हणाली, मीना, पैसे हातात घेऊन गेले होते गं, आणि परत पाठविले. असे कोणी करते?

आता ती दुपारी दिव्यांची गर्दी कमी झाली की धाकट्या मुलीचे इंग्रजीचे पुस्तक उघडते, मुलगी तिला दरडावते, ती मुलीस दरडावते. मी रोज लाल झालेले कागद घरी आणते. किळस गेली नाही, जाणारही नाही, ती माझ्या वाट्याची आहे. पण ज्या बाईंनी आमच्या अक्कास तोंडावर नाही म्हटले, त्यांचे देव भले करो, त्यांच्या लेकराबाळांस काही कमी न पडो, हे तेवढे लिहा.