भिकनच्या पोटातली काळी रेघ

मुरगळलेला पाय घेऊन मी दवाखान्याच्या इमर्जन्सीत बसले होते. शेजारच्या खाटेवर सातपूरच्या कारखान्यातला भिकन. मोटरसायकल घसरून हँडल पोटात बसलेलं. उशाशी त्याची आई कुसाबाई, आणि पोटावर सोनोग्राफीचं मशीन फिरवणारी डॉक्टरीण. मधे नुसता पडदा. माझे कान धड आहेत, ऐकू येणारच.

“मावशी, ती बाटली बाजूला ठेवा. पाणी पाजू नका.”

“सोनोग्राफीला पोट तट्ट भरावं लागतं ना? सुनेला लिटरभर पाजलं होतं.”

“याला नाही. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. ही बघा, लिव्हर आणि किडनीच्या मधली काळी रेघ. ते रक्त आहे. मघाशी बारीक होती, आता जाड झालीय.”

“कसलं रक्त, मॅडम? एक थेंब सांडला नाय. मला शिफ्टला जायचंय.”

“आत सांडतंय, भिकन. बीपी उतरतंय. आत्ताच ऑपरेशन करावं लागेल. सही कर.”

“गोळी द्या, उद्या बघू.”

“उद्या बघायला तू राहशील का रे, पोरा? मागल्या महिन्यात याच मशीनवर बायकोच्या पोटातलं बाळ हललेलं दिसलं, तर सगळ्या कारखान्यात सांगत सुटला. तवा मशीन खरं होतं. आता तुझ्या पोटातलं दाखवलं तर खोटं?”

“आई, भीती वाटती.”

“वाटू दे. भीत भीत सही कर.”

“पेन द्या, मॅडम.”

खाट आत निघाली. कुसाबाईनं बाटली माझ्या मांडीवर ठेवली.

“बाई, एवढी धरा. मी त्याला दारापर्यंत सोडून येते. आन् उघडू नका, तो उठला की त्यालाच पाजायचीय.”