त्या शब्दाच्या जागी आपली जात

तात्या, पाळक साहेब आणि जमलेल्या सगळ्यांनो,

मला बोलणं जड जातंय. दाविद सर गेले, तरी सकाळी मी अजून दोघांचा चहा टाकते. पण काल तात्या घरी येऊन जे बोलून गेले, ते माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. म्हणून उभी राहिले.

आत्ता या शोकसभेत तुम्ही सगळे म्हणालात, सर थोर होते, निर्भीड होते. मग त्यांच्या अभ्यासवर्गाला शेवटी शेवटी कोण येत होतं? करा हात वर.

नव्या मुलांसाठी सांगते. इथं राहुरीत, आमच्या ओट्यावर, रविवारची उपासना आटोपली की सर युरोपातल्या सुरुवातीच्या समाजवाद्यांचं लिखाण वाचून घ्यायचे. गिरण्या आल्या, माणसं चिरडली, त्यावर चिडून लिहिणारी ती माणसं. सरांचा त्यांच्यावर जीव होता. पण त्यांतले कितीतरी जण सावकार किंवा दलाल म्हणायचं तिथं सरळ 'ज्यू' लिहायचे. ख्रिस्ती माणूस लोभी निघाला, तर म्हणायचे, हा ज्यू झाला. आणि तिकडचे कितीतरी ज्यू फेरीवाले, शिंपी, हातावर पोट असलेले.

सरांचा एक नियम होता. तो शब्द आला, की त्या जागी आपली जात, आपला धर्म घालून वाचायचं. मोठ्यानं. सर स्वतः 'ख्रिस्ती' घालून वाचायचे. शेजारच्या सलीमभाईंनी 'मुसलमान' घालून वाचलं आणि म्हणाले, "सर, हे तर मी रोजच ऐकतो."

मग तात्यांचा नंबर आला. तात्या अडले. "सर, आमच्या जातीचं नाव कशापायी? आमी काय लोकांना लुबाडतो व्हय?"

सर म्हणाले, "मग ते सगळे लुबाडत होते का, तात्या?"

तात्यांनी पुस्तक मिटलं, चपला घातल्या. पुढच्या रविवारी ओटा रिकामा. गावात बोललं काय गेलं? सर किरिस्ताव हाय, दाविद हे नावबी ज्यूचंच, म्हणून त्यांना ते लिखाण झोंबलं.

पाळक साहेब, तुम्ही मान डोलावू नका. सर चर्चमध्ये म्हणाले, ज्यूंचा हा द्वेष त्या लेखकांनी आपल्याच ख्रिस्ती घरातून उचलला, आपणच तो पिढ्यान्‌पिढ्या शिकवला. त्यानंतर तुम्ही त्यांना कधी उपासनेत संदेश द्यायला बोलावलंत? तिकडे गावात ते किरिस्ताव ठरले, इकडे चर्चमध्ये लाल, कम्युनिस्ट. माझा माणूस ओट्यावर एकटा वाचत बसायचा. एकटा, आणि तरी मोठ्यानं. मी आतून ऐकायचे. मला तुम्हा सगळ्यांचा राग यायचा. आजही येतोय.

आणि काल तात्या म्हणतात, "वहिनी, वर्ग पुन्हा चालू करू, सरांचं नाव देऊ. फक्त ते जात घालून वाचायचं न्हाई ठेवायचं. लोक लई दुखावत्यात."

तात्या, दुखावं म्हणूनच तो नियम होता. नियम नसेल, तर सरांचं नाव मी देऊ देणार नाही.

आता तुम्ही दोन मिनिटं शांतता पाळा म्हणाल. शांतता तुम्ही त्यांच्या हयातीतच भरपूर पाळलीत. ते पुस्तक मी घरून आणलंय. पानही तेच काढून ठेवलंय. तात्या, तुमचा नंबर अजून राहिलाय. उठा, वाचा. तुमचं वाचून झालं, की मग आपण सगळे सरांसाठी गप्प उभे राहू.