चौदा जण आधी हसले

नाही, पण मला एक सांगा, हसू जरा आधी आलं तर तो काय गुन्हा आहे का हो? कारण रविवारच्या प्रयोगानंतर आमचा नायक माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता ना... तुम्हाला सांगतो, मी त्याचं घर पेटवलं असतं तरी त्यानं असं बघितलं नसतं. आणि मी केलं काय? चौतीस वर्षं जे करत आलो तेच केलं. मी प्रॉम्प्टर माणूस. विंगेत उभं राहायचं, हातात संहिता धरायची आणि नट अडकायच्या आत पुढचं वाक्य त्याच्या कानात पोचवायचं. आत म्हणजे आत. अडकल्यावर सांगितलं तर ते प्रॉम्प्टिंग नाही, ती शोकसभा. माझं काम पुढचं आधी सांगायचं. यात माझं काय चुकलं?

सगळं सुरू केलं सुलभताबाईंनी. हे काही त्यांचं खरं नाव नाही, पण नाट्यगृहात नव्यानं आल्या आणि प्रत्येक वाक्यात सुलभता, सुलभता... आम्ही तरी काय करणार. आल्या आल्या त्यांनी पायऱ्यांशेजारी उतार बांधून घेतला, मग व्हीलचेअरसाठी पाचव्या रांगेतल्या सहा खुर्च्या उपटल्या. मॅनेजर कळवळून म्हणाला, "बाई, अहो त्या सगळ्यात चांगल्या जागा आहेत." बाई म्हणाल्या, "म्हणूनच." मग मोर्चा माझ्याकडे. "काका, ज्यांना दिसत नाही अशा प्रेक्षकांसाठी आपण वर्णन सुरू करतोय. त्यांच्या कानात इअरफोन, तुम्ही मागच्या काचेच्या खोलीत माईकवर. स्टेजवर जे दिसतं ते संवादांच्या मधल्या जागेत हळूच सांगायचं. नाटक तुम्हाला पाठ, आवाज कुजबुजता. तुमच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही." म्हटलं, आणि विंगेत कोण? तर म्हणे, "नायकाला दोनशे प्रयोगांचा अनुभव आहे, काका. त्यांना कशाला प्रॉम्प्टर?"

काचेची खोली म्हणजे वर बाल्कनीमागे मोडक्या खुर्च्या ठेवायची जागा. एक पंखा, तो लावला की माईकमध्ये वादळ, म्हणून बंद. मी सरळ नाही म्हणणार होतो. पण मध्ये आली ताई.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्या प्रत्येक नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला तिसऱ्या रांगेत हजर, आणि घरी गेल्यावर, "दुसऱ्या अंकात तुझी कुजबुज पार माझ्यापर्यंत आली हं." दोन वर्षांपूर्वी तिची नजर पूर्ण गेली आणि त्यानंतर एक-दोन प्रयोगांतच तिनं नाटक सोडलं. मी किती विनवलं. म्हणायची, "लोक हसतात, मग शेजारची बाई मला सांगते का हसले, मग मी हसते, तोवर पुढचं निघून गेलेलं असतं. असलं उष्टं हसायला मी येणार नाही." या वर्णनाचं सांगितलं तेव्हा कुठे तयार झाली. "एकदा येते. नाही जमलं तर पुन्हा माझ्यापुढे नाटकाचं नाव काढायचं नाही." आणि ताईनं एकदा नाही म्हटलं की संपलं हो. तिनं साखर सोडली ती एकोणीस वर्षांपूर्वी, अजून शिवलेली नाही. म्हणजे बघा, माझ्या दृष्टीनं त्या दिवशी तो दोनशे एकावा प्रयोग नव्हता, ताईचा शेवटचा होता की पुन्हा पहिला, एवढाच प्रश्न होता.

तिसरी घंटा झाली. ताई धरून चौदा जण, कानात इअरफोन. पहिल्या अंकात नायक रागारागानं घरी येतो, वारलेल्या वडिलांबद्दल आठ ओळी बोलतो, मग खुर्चीत बसतो आणि खुर्ची मोडते. तिसऱ्या ओळीनंतर तो श्वास घेतो. मला जागा सापडली. मी सांगितलं, "आता हा खुर्चीत बसणार आणि खुर्चीचा मागचा पाय मोडणार."

चौदा जण खो खो हसले.

आणि नायक उभा. वडिलांबद्दल बोलतोय. "बाबांनी मला काय दिलं?" आणि हे हसतायत! त्याला वाटलं आपली चेन उघडी राहिली. बिचाऱ्यानं प्रेक्षकांकडे पाठ केली, चाचपून बघितलं, तर उरलेलं थिएटर हसलं. मग चिडून धाडकन बसला, खुर्ची मोडली... आणि कुणी हसलंच नाही. कारण सगळ्यांचं हसून झालं होतं. खुर्ची फुकट गेली.

मध्यंतरात सुलभताबाई धापा टाकत वर. "काका, आधी नाही, तेव्हा सांगायचं." म्हटलं, तेव्हा म्हणजे कधी? "अहो, घडताना." घडताना! चौतीस वर्षं जिभेला एक वाक्य पुढे पळायची सवय, ती अशी मध्यंतरात मोडते का? मी प्रॉम्प्टर माणूस. माझं काम पुढचं आधी सांगायचं.

दुसऱ्या अंकात आई गुणगुणत कपड्यांच्या घड्या घालते आणि शेवटच्या टॉवेलवर जाते. म्हणजे मरते. मी जिभेला लगाम घातला होता, शप्पथ. तरी दुसऱ्या चादरीलाच माझ्या तोंडून गेलं, "त्या टॉवेलवर हिचा हात थांबणार, कायमचा." खाली चौदा रुमाल बाहेर. आईचं काम करणाऱ्या बाईंना हुंदके ऐकू आले, त्यांना वाटलं आज आपण काय करतोय, आहाहा. मग काय, घड्या सावकाश. झालेली घडी उकलून पुन्हा घडी. दोन मिनिटांचं मरण सात मिनिटांवर गेलं आणि तिकडे विंगेत नायक, हिच्या मरणावर रडायला ताटकळत उभा, दात खातोय.

असा पिसाळलेला माणूस तिसऱ्या अंकात आला. भावाशी शेवटचं भांडण. सगळं नाटक ज्या एका वाक्यासाठी आहे ते वाक्य आलं... आणि दोनशे प्रयोगांचा अनुभव गप्प. त्यानं सवयीनं डाव्या विंगेकडे बघितलं. डाव्या विंगेत कोण? वाळूची बादली.

मला काचेतून सगळं दिसत होतं. मला कळायच्या आत माझे ओठ हलले. "घर तू ठेव. मला फक्त दार उघडं ठेव." पण सांगतोय कुणाला? माईकला! ज्याला हवं त्याला ऐकू जात नाही आणि ज्यांना ऐकू जातंय ते चौदा जण शहाण्यासारखे गप्प बसलेत. मी पुन्हा सांगितलं. नायकाच्या कपाळावरून घाम. मी तिसऱ्यांदा सांगितलं, आणि तिसऱ्या रांगेतून ताईचा आवाज आला. मोठ्यानं, स्वच्छ, एक अक्षर न गाळता.

"घर तू ठेव. मला फक्त दार उघडं ठेव."

नायक वळला. भावाकडे नाही, ताईकडे. आणि तिच्याकडे बघत त्यानं ते वाक्य म्हटलं. मी दोनशे वेळा ऐकलंय हो, पण असं कधी नाही. मी नाक ओढलं, आणि माईक चालू होता, त्यामुळे तेही चौदा जणांना ऐकू गेलं.

पडदा पडल्यावर मेकअप रूममध्ये कोर्ट बसलं. नायक म्हणतो, "एक तर हा राहील, नाहीतर मी." सुलभताबाई पडेल आवाजात म्हणाल्या, "काकांचं आधी सांगणं चुकलंच..." तेवढ्यात ताई कुणाचा तरी हात धरून आत आली. "काय चुकलं? दोन वर्षं मी सगळीकडे सगळ्यांच्या मागून हसतेय. आज आम्ही हसलो आणि सगळं थिएटर चुळबुळलं, हे का हसले म्हणून. विचारू दे की त्यांना पण एकदा शेजारणीला." मग नायकाकडे तोंड करून, "आणि तुम्ही पाठांतर करत जा." नायकानं मान डोलावली. वाक्य तिनंच दिलेलं.

उतारावरून खाली येताना ताई म्हणाली, "पुढच्या महिन्यात काय आहे?"

माझे पाय थांबले. म्हणजे येणार ही. मी इतका हरखलो, इतका, की विचार न करता खरं सांगून बसलो. "नाच आहे, ताई. दीड तास. एक शब्द नाही."

"चालेल. तू सांगशीलच. आणि आधी सांग हं."

आधी सांग! अहो, कशातून सांगू? नाचाला संहिता नाही. मी तालमीला जाऊन बसतो, नाच बसवणाऱ्या बाईंना विचारतो, इथे काय होतं? त्या डोळे मिटून म्हणतात, "इथे ती विरघळते." विरघळते! हे मी ताईला सांगितलं तर ती विचारते, "म्हणजे कोपर कुठे? आत की बाहेर? गुडघा वाकतो का?" मला काय माहीत! म्हणून आता रोज संध्याकाळी ताई आमच्याकडे येते, सोफ्यावर बसते आणि मी, बासष्टाव्या वर्षी, टेबल बाजूला सरकवून, ते सगळं करून बघतो. एक पाय वर. हात पुढे. मान मागे. तोंडानं वर्णन चालूच. काल गिरकी घेताना पडदाच घेऊन खाली आलो. ताई टाळ्या वाजवत होती.

बायको म्हणाली, "वन्सं सुटल्या. त्यांना नुसतं ऐकायचंय. बघायचं मला आहे."