कुठे पाव खाल्लास?

— नाही नाही मावशी, उठू नका, बसा तिथेच बाकावर. मामा येईलच एवढ्यात. मूठ तोच दाखवायला लावतो, मी आपणहून कधी दाखवत नाही, मला लाज वाटते हो. तुम्ही दोन बस बदलून आलात, माझी मूठ बघायला? अरे देवा! सांगितलं कोणी? सुनेने? म्हणजे निळ्या छत्रीवाल्या त्या — परवा खिमा नेला आणि वर हाडं फुकट मागितली, त्याच ना? नाही, वाईट नाही म्हणत, हाडं आम्ही देतोच, मामा म्हणतो सुपाला हाडं नेलेलं गिऱ्हाईक परत येतंच येतं. मामा? शेजारच्या गाळ्याचं पक्कं करायला गेलाय. तो बंद गाळा दिसतोय ना, चपलांचं दुकान होतं तिथे — तो घेतोय आम्ही. म्हणजे मामा घेतोय. माझ्यासाठी. असू दे ते. तुमचे हात बघू? अरेरे, बोटांची पेरं कशी टरटरून सुजलीत. सकाळी जास्त ना? पातेल्याची कड धरवत नाही, भांडं हातातून सटकतं, आणि घरच्यांना वाटतं धांदरटपणा करतायत — हो ना? मला विचारा.

ते जे मामा सांगतो ते सगळं खरं आहे, त्यात खोटं काही नाही. मला शर्टाची बटणं लावता येत नव्हती. मामा लावायचा. एवढ्या घोड्याची बटणं मामा लावायचा, आणि लावताना शिव्या द्यायचा, म्हणजे मला रडू येऊ नये म्हणून. आई गेल्यावर त्यानेच आणलं मला, शाळा मी मधेच सोडली, डोकं चालत नव्हतं माझं त्यात, त्याने एका शब्दाने विचारलं नाही. सुरा हातात दिला, शिकवलं. आणि तेच हात असे निघाले. दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या सांध्यांची सूज आहे, आतूनच येते, गोळ्या घ्याव्या लागतील, चुकवू नकोस. घेत होतो. मग आमचा तो गाडीवाला — रोज पहाटे माल घेऊन येतो तो — त्याचे गुडघे गेले होते, आणि एक दिवस बघतो तर पठ्ठ्या गाडीतून उडी मारून उतरतोय! काय केलंस म्हणून विचारलं तर म्हणे पाव बंद, भात बंद, बटाटा बंद, साखर तर विषासारखी बंद. मटण, अंडी, चरबी, बस्स. आता मामाच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत? मटणाचं दुकान स्वतःचं, औषध आकड्याला टांगलेलं, आणि भाचा घरात सुजून बसलाय!

झालं, त्याच दिवसापासून सुरू. सकाळी अंडी, दुपारी मटण, रात्री मटण. मामीने मला सोबत म्हणून तेच खायचं ठरवलं, चार दिवस टिकली, आणि मग माळ्यावर डबे काढायला म्हणून चढली ती तिथे बसून पाव खाताना सापडली — तोंड भरलेलं, आणि मामाला म्हणते, मी झुरळं बघतेय. हसा, हसा, आम्हीपण हसलो. पण मी टिकलो हो. मला दुसरं काही येत नाही, सांगितलेलं करायला येतं. आणि सूज उतरली! एका सकाळी बघतो तर मूठ वळली. पूर्ण. मामाला दाखवली तर तो माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहिला, आणि मग मोरीत जाऊन तोंड धुऊन आला. तोंड सकाळीच धुतलं होतं त्याने.

तिथून पुढे बघा ही गर्दी. मामाने सांगितलं एकाला, त्याने चौघांना, आणि मग कोणाची कंबर, कोणाचे गुडघे, कोणाची सासू — सगळे इथे. ‘हा माझा भाचा, दाखव रे मूठ!’ आणि मी दाखवतो. मान खाली घालून दाखवतो, ही बघा अशी, लोकांना वाटतं विनय आहे.

काय म्हणालात? डावीच का दाखवतो? — तुमचं लक्ष बरं आहे मावशी. कोणी विचारत नाही ते.

उजव्या हाताने सुरा धरायचा असतो ना, म्हणून — नाही. थांबा. ते पुढचं गिऱ्हाईक बाहेर फोनवर बोलतंय, तोवर सांगतो, पण तुमच्यापाशी ठेवा. मागे ती थंड खोली आहे आमची, जाड दाराची. आधी मी तिथेच असायचो, पहाटेपासून, गोठलेला माल सोलायचा, हाडं वेगळी करायची. मूठ वळत नाहीशी झाली तेव्हा मामा म्हणाला, आता आत जाऊ नकोस, बाहेर गल्ल्यावर उभा राहा. मटण खायला लागलो तो आठवडाही तोच. कळलं का? दोन्ही एकदम झालं. खाणंही बदललं आणि थंडीही सुटली. सगळ्यांना खाणं दिसलं, थंड खोली कोणाच्या ध्यानातच नाही — माझ्याही नव्हती! आणि मग गर्दी वाढली, माल वाढला, तो सोलायला माणूस पुरेना, तर मामा म्हणाला आता तू बरा झालास, लाग आत. लागलो. आता पहाटेपासून उन्हं वर येईपर्यंत आत असतो. म्हणजे बघा कसं झालंय — माझी मूठ वळली म्हणून मटण खपतं, मटण खपतं म्हणून मी आत, आणि आत म्हणून मूठ वळत नाही. कुठून सुटायचं यातून? मी रात्री पडल्या पडल्या तेच फिरवत असतो डोक्यात, दार काही सापडत नाही.

मटणाने काहीच झालं नाही असं मी म्हणत नाही हां. अंग हलकं झालं, सकाळचा जडपणा कमी झाला, ते खरं. गाडीवाला अजून उड्या मारतो. पण कशाने किती झालं ते मला ठाऊक नाही, आणि मामालाही नाही, आणि तुमच्या सुनेला तर मुळीच नाही. सांगितलं होतं हो मामाला! एकदा म्हटलं, मामा, उजवा जरा दुखतो. तो माझ्याकडे असा बघायला लागला, आणि म्हणाला, ‘कुठे पाव खाल्लास?’ मी म्हटलं नाही खाल्ला. ‘खरं सांग, रागवत नाही. कुठे खाल्लास?’ पाव खाल्ल्याशिवाय दुखूच शकत नाही ना! दुखलं म्हणजे चोरी केली. रात्री माझ्या शर्टाचे खिसे उलटे करून बघितले त्याने, चुरा आहे का म्हणून. पलीकडचा पाववाला आता माझ्याशी धड बोलत नाही, त्याचा धंदा बसवला म्हणे मी. आणि गेलो तरी मला पाव द्यायचा नाही तो, सगळ्या गल्लीचं लक्ष आहे. चहावाला न विचारता बिनसाखरेचा देतो. शाळेतली पोरं ओरडतात, ए मटण्या, बिस्कीट खातोस का? मला काही पावाची हौस नाही हो. पण पाव खाल्ला म्हणून खोटं कबूल केलं असतं ना, तर निदान दुखतंय एवढं तरी मानलं असतं त्याने.

हा बघा उजवा. दाबू नका — हो, गरमच लागतो. ही दोन बोटं वळतच नाहीत आता, सुरा तळव्यात रेटून धरतो, परवा सटकला, नशीब ठोकळ्यात रुतला. बाकी वेळ हा हात एप्रनच्या खिशात ठेवतो. गोळ्या? मामाने ठेवून दिल्यात कपाटात, ‘तू गोळ्या घेताना कोणी बघितलं तर काय तोंड दाखवू?’ मावशी, तुम्ही काय विचारायला आलात ते मला पहिल्यापासून कळलंय. गोळ्या थांबवायच्या का, हेच ना? तुमची सून म्हणते ना थांबवा? नका थांबवू. मटण न्या, भात सोडायचा तर सोडा, पण तुमच्या डॉक्टरांना विचारून. आणि गोळ्या घ्या. माझी मूठ बघून काही ठरवू नका.

मी स्वतः का नाही सांगत? सांगणार होतो. आज सकाळीच सांगणार होतो, गाळ्याचं पक्कं व्हायच्या आत. तो सबंध गाळा थंड खोली करणार आहे तो. नवी, मोठी, आणि ती मी सांभाळायची. म्हणतो, तुझं आयुष्य मार्गी लागलं की मी सुटलो, तुझ्या आईला तोंड दाखवायला मोकळा झालो. आरशापुढे नवा शर्ट घालत होता, आणि म्हणाला, बटण लाव रे माझं, आता तुझी पाळी. त्याला गंमत करायची होती. मी डाव्या हाताने लावलं, आणि म्हटलं, मामा — तर म्हणाला, काय रे? — तर मी म्हटलं, छान दिसताय.

आला तो. तोच. हातात पेढे — छे, मला नाही ते, तुम्हाला वाटायला आणले असतील.

हो मामा, या मावशी, लांबून आल्यात. — झालं? पक्कं झालं? वा! नाही, आनंद झालाय की, दिसत नाही का? — मामा, एक बोलायचं होतं... नाही, तुम्ही आधी सांगा. — किल्ली? माझ्याकडे? आत्ताच? नको, ठोकळ्यावर ठेवा. हाताला रक्त आहे, म्हणून म्हणतो. ठेवा ना तिथे. घेतो मी नंतर.

नाही, त्यांना काही बोलायचं नाहीये मामा. काही नाही सांगत त्या. त्या निघाल्याच होत्या. — मावशी, जा ना तुम्ही. उशीर होईल, बस चुकेल तुमची. जा म्हटलं ना.

पुढचं कोण?