आठवा चेहरा

मंडळी, टाळ जरा थांबवा, आधी एक विचारतो. ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही असा माणूस मेला — तर तो मेला, हे सांगणार कोण? देव? अहो, देव सांगेलच! पण कुणाच्या तोंडून?

ऐका तर.

आजचं आख्यान एका संन्यासिनीचं आहे. गळ्यात तुळशीमाळ नाही हो — क्रूस! ते बघा, कोपऱ्यातले बुवा चुळबुळले! बसा बुवा. वैराग्याला जात विचारायची नसते.

तिचं नाव सिस्टर फ्लोरीन तुस्कानो. माहेर वसईचं, केळीच्या वाडीतलं. मठानं तिला धाडलं डोंगरपट्ट्यात, दगडखाणीशेजारच्या शाळेवर. चित्रकला शिकवायची आणि नाताळाची कार्डं छापायची. कशी? सागवानी फळी घ्यायची, चित्र उलटं कोरायचं, शाई फासायची, वर कागद दाबायचा — सुलटं उमटतं! आमच्या घरी निराळं. मी सुलटं बोलतो, पलीकडे उलटं उमटतं!

हसलात? हसून घ्या. पुढं हसू यायचं नाही.

चैत्रातली दुपार. खाणीचा कडा कोसळला! वडार मंडळी खाली. मालकानं सात प्रेतं काढून लिंबाखाली मांडली आणि म्हणाला, "संपलं. हजेरीत सातच होते." तिसऱ्या दिवशी यंत्र लावून खड्डा बुजवून टाकला.

तिमव्वा म्हणून एक म्हातारी मुकादमापुढं गेली. "दौलूदादा, माझी सून निलव्वा घरी आली न्हाई."

"बायांची नावं हजेरीत नसत्यात, म्हातारे. गेली असंल कुठंतरी."

झालं! बाई संपली. मंडळी, किती सोपं असतं बघा!

प्रेतं मांडली त्या दिवशी सिस्टर लिंबाखाली बसून होती. सातही मेलेल्यांचे चेहरे तिनं वहीत उतरवले होते. आता ती ते फळीवर कोरायला लागली. मदर — म्हणजे शाळेशेजारच्या मठाच्या मुख्य, आपल्याकडच्या सासूबाई समजा — त्या म्हणाल्या, "फ्लोरीन, आपलं काम प्रार्थनेचं."

"मदर, ही प्रार्थनाच आहे. नुसते हात जोडून होणारी नव्हे."

आठवडाभर कोरलं. सात चेहरे, सातांचे डोळे मिटलेले. भर दुपारी पहिला कागद दाबला. बाहेर कावळासुद्धा ओरडत नव्हता. कागद हलक्या हातानं उचलला...

चेहरे आठ!

तिनं फळीवर बोटं फिरवली. एक, दोन... सात. पुढं नुसतं गुळगुळीत लाकूड! दुसरा कागद घेतला. आठ. तिसरा घेतला. आठवा चेहरा बाईचा, नाकात चमकी आणि — डोळे उघडे.

भ्याली का? भ्याली! संत काय भीत नाहीत? पण पळाली नाही. कागद घेऊन तिमव्वाच्या झोपडीत गेली. म्हातारीनं एकदाच बघितलं.

"ही माझी निलव्वा. सिष्टर, तुम्ही हिला कवा बघितली?"

"कधीच नाही, आजी."

दुसऱ्या दिवशी ते छाप गावभर चिकटले — खाणीच्या फाटकावर, बाजारात, सरकारी कचेरीच्या भिंतीवर. खाली ठळक अक्षरांत: "आठवी कुठे आहे?" मालकानं फाडायला लावले. दौलू मुकादमानं फाडले. कागद निघाला, पण भिंतीवर चेहरा राहिला! सातजण नाहीत, ती एकटीच. दौलूनं चुना मारला. चुना वाळला, आणि वाळता वाळता ती पुन्हा वर आली. ओल्या भिंतीवर डाग येतो ना, तशी.

बाजारच्या दिवशी दौलू मठाच्या दारात उभा! डोळे खोल गेलेले.

"सिस्टर, तिचे डोळे तेवढे मिटा."

"मी ते उघडलेच नाहीत, दौलूदादा. ती कुठं आहे, तुम्हाला ठाऊक आहे."

तो दारातच बसला. "दोन दिवस हाक येत होती, बाई. दगडांखालनं. 'आत्या... ओ आत्या...' सासूला हाक मारत होती. मालक म्हणाले, यंत्र चालू कर, म्हणजे ऐकू येणार नाही. मी केलं. आता यंत्र बंद असलं तरी मला ऐकू येतं."

सिस्टरनं त्याचा हात धरून त्याला कचेरीत नेलं. चार माणसांसमोर त्यानं सगळं सांगितलं. खड्डा पुन्हा उकरला. निलव्वा एका कपारीत सापडली, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. तिमव्वानं आपला पदर फाडून तिच्यावर घातला आणि एवढंच म्हणाली, "आले गं, आले."

मालकाला बेड्या पडल्या. दौलूनं आपले हात आपणच पुढं केले. आणि सिस्टरनं शाळा सोडली. खाणीखाणीवर जाऊन जित्या बायांचे चेहरे कोरायला लागली, खाली प्रत्येकीचं नाव. खाणींच्या फाटकांवर लावत राहिली — हजेरीत नावं येईपर्यंत! मदरनं एकदाही अडवलं नाही. उलट शाई आणून देऊ लागल्या.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, खाण तिकडं, आम्ही इकडं. आमचा काय संबंध?

मग जरा खाली बघा. हा सभामंडप. काय गार फरशी आहे, नाही? वाहवा करत बसलाय सगळे. हा दगड कुणी फोडला? एकाचं नाव सांगा. अध्यक्ष, तुम्ही? ताई, तुम्ही? नाही ना? मलाही ठाऊक नाही. दोन तास झाले, त्यांच्या घामावर उभा राहून बोलतोय मी!

भजन नंतर. आधी दोन्ही तळवे फरशीवर टेका. टेका! आणि गप्प राहून ऐका — खालून कुणी हाक मारतंय का.